डेक ठोकला म्हणजे युद्धनौका होत नाही

६ फेब्रुवारी २०२५ ला इराणच्या रिव्होल्यूशनरी गार्ड्सच्या नौदलात ‘शहीद बाघेरी’ नावाची ड्रोनवाहू नौका दाखल झाली. मुळात ती ‘पेरारिन’ नावाचं कंटेनर जहाज. त्यावर १८० मीटरची धावपट्टी बांधली, पुढच्या टोकाला उड्डाणासाठी चढ दिला. बातमी कॉमन रूममध्ये पोचताच एकजण म्हणाला, “एवढं सोपंय? जुनं जहाज घ्या, वर डेक ठोका, झालं!” मलाही तेव्हा तसंच वाटलं. पण थोडं वाचलं आणि सेकंड इयरचं फ्लुइड मेकॅनिक्स नव्याने कळलं. तेच इथे सांगतो.

कल्पना तशी जुनीच आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून, दोस्त राष्ट्रांच्या धान्य आणि तेल वाहणाऱ्या १९ जहाजांवर फ्लाइट डेक बसवले गेले. गंमत म्हणजे ही जहाजं विमानंही नेत आणि आपला माल वाहण्याचं कामही चालू ठेवत. फायदा उघड आहे. हल, इंजिन, इंधनाच्या टाक्या सगळं तयार मिळतं. वेळ आणि पैसा दोन्ही वाचतात.

मग अडतं कुठे?

पहिली अडचण मेटासेंट्रिक हाइटची, म्हणजे आपल्या जीएमची. आपण घोकलेलं असतं की जीएम जितका जास्त तितकं जहाज स्थिर. ते खरं आहे, पण अर्धंच. जहाज एका बाजूला कलून, दुसऱ्या बाजूला जाऊन परत यायला जो वेळ लागतो तो जीएमच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. समजा, जहाजाची रेडियस ऑफ जायरेशन १२ मीटर आहे. जीएम १ मीटर असेल तर हा वेळ येतो सुमारे २४ सेकंद. जीएम ४ मीटर झाला की तो १२ सेकंदांवर येतो. कलण्याचा कोन तोच धरला तर त्वरण चौपट! म्हणजे जहाज उलटणार नाही, पण असे हिसके देईल की डेकवर हेलिकॉप्टर उतरवणं मुश्कील.

कंटेनर जहाजाचं नेमकं हेच होतं. डेकवर कंटेनरची चळत असेल हे धरूनच त्याचं डिझाइन केलेलं असतं. ती चळत काढली की गुरुत्वमध्य खाली जातो आणि जीएम नको इतका वाढतो. ब्रिटनने ‘कंटेंडर बेझंट’ हे कंटेनर जहाज घेऊन त्याचं ‘आर्गस’ केलं, तेव्हा हाच प्रश्न आला. उपाय काय केला असेल? चक्क वजन वाढवलं, आणि तेही वरच्या बाजूला! हॅचची झाकणं उलटी करून त्यांच्या परातींत सुमारे १८०० टन काँक्रीट भरलं. पुढे १९९१ च्या आखाती युद्धात हेच जहाज जखमींसाठी तरंगतं रुग्णालय म्हणून वापरलं गेलं.

दुसरी अडचण कुठल्याही काँक्रीटने सुटत नाही. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटनने ‘अटलांटिक कन्व्हेयर’ हे मालवाहू जहाज घाईघाईने तयार केलं. हेलिकॉप्टरसाठी उतरण्याच्या जागा केल्या. डेकच्या कडेने कंटेनर रचून विमानांना वाऱ्यापासून आडोसा केला. हॅरियर विमानं त्याने सुखरूप पोचवलीसुद्धा. पण स्वतःच्या बचावासाठी त्याच्याकडे ना क्षेपणास्त्र होतं, ना शत्रूच्या क्षेपणास्त्राला चकवायचं साधन. २५ मे रोजी अर्जेंटिनाची दोन एक्झोसेट क्षेपणास्त्रं त्याच्यावर आदळली. युद्धनौकेत आग आणि पाणी अडवायला लहान-लहान बंद कप्पे असतात. मालवाहू जहाजात माल चढवा-उतरवायला सोयीच्या लांबरुंद मोकळ्या जागा. आग भराभर पसरली. कॅप्टन इयन नॉर्थ यांच्यासह १२ जण गेले.

तीन चिनूक आणि सहा वेसेक्स हेलिकॉप्टरंही गेली. त्या वेळी हवेत होतं म्हणून एकच चिनूक वाचलं. ज्या सैनिकांना ही हेलिकॉप्टरं पुढे नेणार होती, त्यातल्या अनेकांना पाठीवर ओझं घेऊन थंडीत, दलदलीतून सुमारे ८० किलोमीटर चालत जावं लागलं.

म्हणून काय, असं रूपांतर करूच नये? तसं नाही. पुरवठा, रुग्णालय, ड्रोनची ने-आण यांसाठी असं जहाज उत्तम, मात्र शेजारी त्याचं रक्षण करणारं कोणीतरी हवं. फोटोत दिसते ती धावपट्टी. जहाज आणि त्यावरची माणसं वाचतात ती न दिसणाऱ्या गोष्टींवर.

आता व्हायव्हात “जीएम जास्त असला तर काय होईल?” असं विचारलं, तर “सर, चांगलंच होईल” म्हणून मोकळे होऊ नका. ते १८०० टन काँक्रीट आठवा!