फटी बुजवा, धुराडं मात्र उघडं ठेवा

मैत्रिणींनो, थंडीत दारं-खिडक्या लावल्या तरी घरात गारठा येतो, भांड्यांवर धूळ बसते. वारा कुठून शिरतो ते आधी शोधू, मग बुजवू. त्याला एक उदबत्ती पुरते.

तपासणी कशी करायची?

1. वारा असेल त्या दिवशी चूल विझवा, गॅस आणि पंखा बंद करा, दारं-खिडक्या लावा.
2. पेटती उदबत्ती दाराची चौकट, उंबरठा, खिडक्या, वायरीची भोकं, भिंत आणि पत्र्यामधली सांध इथून हळूहळू फिरवा. कपडे, कडबा, सिलिंडर यांच्याजवळ नेऊ नका.
3. धूर सरळ वर गेला तर फट नाही. धूर आत ढकलला गेला किंवा भिंतीकडे ओढला गेला, की समजा तिथून वारा जा-ये करतोय. खडूने खूण करा.

बुजवायचं कशाने?

मातीच्या भिंतीची भेग आधी ओली करा, मग माती, शेण आणि भुसा कालवून लिंपा. विटांच्या भिंतीला 1 घमेलं सिमेंट आणि 4 घमेली वाळू घ्या. दाराखालच्या फटीला जुन्या लुगड्याची घट्ट गुंडाळी शिवून लावा. खर्च जवळजवळ नाहीच.

काय बुजवायचं नाही?

धुराडं आणि चुलीवरचा झरोका कधीच नाही. गॅसच्या खोलीत जमिनीलगतची जाळीही मोकळी ठेवा. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो.

सगळ्यात मोठा धोका शेगडीचा. बंद खोलीत निखारे जळले की कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. धूर दिसत नाही म्हणून आपण निर्धास्त झोपतो, आणि झोपेतच जीव जातो. घर जितकं घट्ट, तितका धोका जास्त. म्हणून बाळंतिणीच्या खोलीत शेक देताना दार-खिडकी थोडी उघडी ठेवा आणि शेक झाल्यावर शेगडी बाहेर काढा. डोकं दुखलं, चक्कर किंवा मळमळ आली, तर सगळ्यांना लगेच मोकळ्या हवेत आणा आणि 108 ला फोन करा.

पुढच्या बैठकीसाठी: घरात किती फटी सापडल्या? कोणाच्या घरी रात्री शेगडी आत असते? प्रत्येकीने सांगायचं.