डबा पालथा करून पाहा

जुन्या जपानी ‘गोजिरा’ची डिस्क मागवणार असाल, तर मुखपृष्ठावरच्या राक्षसाकडे नंतर बघा. आधी डबा पालथा करून मिनिटं वाचा. 96 असतील तर ती इशिरो होंडा यांची 1954 ची मूळ फिल्म. 80 असतील तर तो 1956 चा अमेरिकी अवतार, ज्यात रेमंड बर नावाचा नट पत्रकार बनून मध्येच घुसवला आहे. फरक सोळाच मिनिटांचा दिसतो, पण बरसाठी नवे प्रसंग घातल्यामुळे प्रत्यक्षात कापलं आहे ते त्याहून पुष्कळ.

माझा भाचा न्यू जर्सीहून येताना डिस्क घेऊन आला. “मामा, तुमचा राक्षस आणलाय!” मिनिटं बरोबर होती. पण कोयना खोऱ्यातल्या पाटणच्या आमच्या प्लेअरने ती आत ओढली, जरा गुरगुर केली आणि प्रदेश चुकीचा असल्याची पाटी दाखवून बाहेर टाकली. डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालावी ते हा प्रदेश ठरवतो: डीव्हीडीवर अमेरिकेचा 1, भारताचा 5. इथले पुष्कळ स्वस्त प्लेअर सगळंच चालवतात, आमचा नेमका नियमाने वागणारा निघाला. मग भाच्याने ती संगणकात घातली. प्रदेश बदलू का, असं यंत्राने विचारलं की हा ‘हो’ म्हणायचा. हे बदल मोजून पाच वेळाच करता येतात, शेवटचा कायमचा चिकटतो. आमच्या ड्राइव्हवर आधीच कुणी तरी हात साफ केलेला होता. आता ती ड्राइव्ह कायमची अमेरिकेची झाली आहे.

ब्लू-रेला आकडे नाहीत, अक्षरं आहेत: अमेरिका आणि जपान ए, ब्रिटन बी, भारत सी. क्रायटेरियन या कंपनीच्या 2012 च्या ब्लू-रेत दोन्ही आवृत्त्या आहेत, म्हणून मी तीच सुचवेन. पण ती ए प्रदेशाची, तेव्हा आधी प्लेअरची खात्री करा. फोर-के डिस्कला प्रदेशाची अट नसते. मात्र तिला प्लेअरही फोर-केच लागतो, आणि तिच्याबरोबर डब्यात येणाऱ्या ब्लू-रेला ती अट असतेच.

एवढा खटाटोप मूळ आवृत्तीसाठीच का? 1 मार्च 1954 रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्ब फोडला. त्याची राख ‘फुकुर्यू मारू’ या जपानी मासेमारी बोटीवर पडली. त्याच वर्षी नोव्हेंबरात हा सिनेमा आला. मुळात आगगाडीतली एक बाई नागासाकीतून वाचल्याचं बोलून जाते, आणि शेवटी म्हातारे डॉक्टर यामाने म्हणतात की चाचण्या थांबल्या नाहीत तर असा दुसरा प्राणी वर येईल. अमेरिकी आवृत्तीत हे दोन्ही नाही. तिथे बर साहेब जग सुखरूप झाल्याचं सांगून मोकळे होतात. बॉम्ब काढला की उरतो रबरी कातड्यातला माणूस. (तो हारुओ नाकाजिमा. त्या अवजड कातड्यात दिव्यांखाली घामाने निथळत त्याने जे केलं, त्याला माझा नमस्कारच.)

आमच्याकडे 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप पाहिलेली माणसं आहेत. त्या भूकंपाचा संबंध तज्ज्ञ धरणात साठलेल्या पाण्याशी जोडतात. माणसाने वर काही करावं आणि खाली काही जागं व्हावं, ही गोष्ट या खोऱ्यात परीकथा वाटत नाही. टोकियो कोसळताना आमच्या घरात कुणी हसलं नाही.

थोरल्यांना दाखवायचा असेल तर रिमोट हाती ठेवा. माझ्या पाहण्यातल्या डिस्कवर उपशीर्षकं इंग्रजीच होती. थांबवत थांबवत मराठीत सांगणारा कुणी हवा. आणि डबा पुठ्ठ्याचा असेल तर जून ते सप्टेंबर हवाबंद पिशवीत ठेवा. कोयना खोऱ्यातल्या ओलीने आठवडाभरात त्यावर बुरशी उगवते.

राहता राहिला मुंबईचा भाऊबंद, 1966 चा हिंदी ‘गोगोला’. त्याची डिस्क कुणी देऊ केली तर पैसे काढू नका. त्या सिनेमाची गाणी ऐकायला मिळतात, प्रत मात्र आज कुणाकडे असल्याचं ऐकिवात नाही.