अमिरातीतील नोकरीचे पत्र : खरे कोणते, खोटे कोणते?



पोटापाण्यासाठी घर सोडणे आपल्या समाजास नवे नाही. कोकणातून मुंबई आणि मुंबईहून इस्राएल, असा आपल्यातील अनेक कुटुंबांचा प्रवास झाला. आता आपली तरुण मंडळी दुबई-अबुधाबीकडे पाहू लागली आहेत. मुंबई-ठाण्याकडचे भाचे-पुतणे तर पूर्वीपासूनच तिकडे जात आहेत. सप्टेंबर २०२० च्या करारानंतर इस्राएलहूनही हा मार्ग खुला झाला. पूर्वी नोकरीचे बोलावणे पोस्टाने किंवा ओळखीच्या माणसाकडून येई. आता ते व्हॉट्सॲपवर येते, आणि पाठविणारा कोण हे कळत नाही. म्हणून ह्या वेळी आम्ही हा विषय घेतला आहे.

प्रथम एक घडलेली गोष्ट पाहू. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये एक इशारा प्रसिद्ध केला. थायलंडमध्ये संगणकावरील विक्रीच्या भरघोस पगाराच्या नोकऱ्या आहेत, अशा जाहिराती समाजमाध्यमांतून आणि दुबईतील व भारतातील दलालांमार्फत दिल्या जात होत्या. जे तरुण फसले त्यांना बेकायदा सरहद्द ओलांडून म्यानमारमध्ये नेण्यात आले व तेथे डांबून ठेवून कामाला जुंपण्यात आले. काम कसले? तर कॉल सेंटर आणि क्रिप्टो चलनाच्या नावाखाली लोकांना फसविण्याचे! पुढे मार्च २०२५ मध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांनी अशा ठिकाणांहून सुटलेल्या ५४९ भारतीयांना परत आणले. ह्यावरून ध्यानात येईल की खोट्या पत्रापायी केवळ पैसा जातो असे नाही, माणूसही जातो.

मग खरे-खोटे ओळखावे कसे? आमच्या मते पहिला प्रश्न एकच : पैसे कोण कोणाला देतो?

अमिरातीचा २०२१ चा कामगार कायदा क्रमांक ३३ सांगतो की नोकरभरतीचा खर्च मालकाने सोसावयाचा आहे. तो कामगाराकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष वसूल करता येत नाही. सबब, "व्हिसाची फी", "वैद्यकीय तपासणीचे डिपॉझिट" किंवा "फाईल चार्ज" म्हणून कंपनीच्या नावाने कोणी पैसे मागितले की तेथेच थांबावे. भारतातून जाताना नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क घेता येते, पण तेही जास्तीत जास्त तीस हजार रुपये व त्यावरील जीएसटी इतकेच. एजंट नोंदलेला आहे की नाही हे भारत सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते.

दुसरा नियम असा की, कागद ज्याने दिला त्यालाच "हा खरा आहे ना?" असे विचारू नये. ज्या कचेरीचा तो कागद म्हणून दाखविला जातो, त्या कचेरीला विचारावे. नोकरीच्या पत्रावरील क्रमांक अमिरातीच्या मानव संसाधन मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. व्हिसा दुबईचा असल्यास तेथील जीडीआरएफए खात्याकडे, इतर अमिरातींचा असल्यास आयसीपी खात्याकडे त्याची खात्री करता येते. मात्र संकेतस्थळाचा पत्ता आपण स्वतः शोधावा. निरोपात आलेल्या दुव्यावर बोट ठेवू नये.

तिसरी गोष्ट, "आधी भेटीच्या व्हिसावर या, मग पाहू" हे बोलणे ऐकू नये. भेटीच्या व्हिसावर काम करणे तेथे बेकायदा आहे. मालकाने हात वर केले तर आपली बाजू लंगडी पडते.

जे तेथे पोहोचले आहेत त्यांनीही सावध असावे. पोलीस किंवा बँकेचे नाव सांगून कोणी एमिरेट्स आयडीचा क्रमांक वा ओटीपी मागतो. कोणी घरबसल्या सोपे काम देऊन प्रथम थोडे दिरहम हाती ठेवतो व मग मोठी रक्कम भरावयास सांगतो. आवळा देऊन कोहळा काढण्याचा हा जुनाच डाव. आणखी एक घातक प्रकार म्हणजे कमिशनच्या लोभाने आपले बँक खाते दुसऱ्याच्या पैशासाठी वापरू देणे. तो पैसा चोरीचा निघाला तर चौकशी खातेदाराचीच होते.

एवढे करूनही फसवणूक झालीच तर प्रथम बँकेस फोन करून व्यवहार थांबवावा. निरोप, पावत्या, क्रमांक काहीही पुसून टाकू नये. दुबईत पोलिसांचा ९०१ हा क्रमांक व ई-क्राईम ही तक्रारीची सोय आहे. अबुधाबीत अमान सेवेचा क्रमांक ८००२६२६, भारतात १९३० आणि इस्राएलमध्ये ११९. भारतीय नागरिकांना दुबईतील प्रवासी भारतीय सहायता केंद्राकडेही जाता येते. त्याचा क्रमांक ८००४६३४२.

शेवटी घरच्या वडीलधाऱ्यांस एक विनंती. फसलेला मुलगा बहुधा लाजेने गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्याचा लाभ ठकालाच होतो. त्यास रागावू नका. आधी तक्रार नोंदवा, मग इतर नातेवाईकांस सांगा. एका घराने वेळीच सांगितले तर दहा घरे वाचतील.