ताऱ्यातले लोखंड आपल्या रक्तात



भंगारवाल्याच्या काट्यावर लोखंड किलोने मोजतात. आपल्या शरीरातही लोखंड आहे. किती? मोठ्या माणसात अवघे ३ ते ४ ग्रॅम, एका लहानशा खिळ्याएवढे. पण तेवढ्याशिवाय जगता येत नाही.

हे लोखंड, म्हणजे लोह, आले कुठून? सूर्यापेक्षा कितीतरी मोठ्या ताऱ्यांच्या पोटात प्रचंड उष्णतेने हलकी मूलद्रव्ये एकत्र येऊन जड मूलद्रव्ये बनतात. हायड्रोजनपासून हेलियम, पुढे कार्बन, ऑक्सिजन आणि शेवटी लोह. तारे फुटतात आणि हे सारे अवकाशात विखुरते. अशाच धुळीतून सुमारे ४५४ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी बनली. ती वितळलेली असताना, डाळ धुताना खडे तळाशी बसावेत तसे, बहुतेक जड लोह खोल गेले. आज २,९०० किलोमीटर खाली लोहाचा गाभा सुरू होतो. थोडे वर राहिले. आपल्या खडकीच्या काळ्या दगडात ते आहे. दगड झिजून माती होते, मातीतून लोह भाजी-धान्यात येते आणि ताटातून आपल्या रक्तात.

रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये हे लोह असते. ते फुफ्फुसातला प्राणवायू उचलून अंगभर पोचवते. लोह कमी पडले की धाप लागते, चक्कर येते, जिना चढवत नाही. पाळीत रक्त जाते. पोटातले बाळही आईकडूनच लोह घेते. म्हणून हा त्रास बायकांना जास्त. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळले.

आता आमची चूक सांगतो. वस्तीत लाल गोळ्या वाटताना आम्ही "रोज एक घे" एवढेच म्हणायचो. एकदा सातव्या महिन्यातल्या एका मुलीच्या गादीखाली अख्खे पाकीट सापडले. ती म्हणाली, "ताई, शी काळी होते. बाळ पण काळं होईल, असं घरात म्हणतात." तिचे हिमोग्लोबिन ७ होते. आम्ही गोळी दिली होती, कारण दिले नव्हते.

म्हणून आता कारणासकट सांगतो:

• शी काळी होते, कारण अंगी न लागलेले लोह बाहेर पडते. बाळाच्या रंगाशी त्याचा संबंध नाही.
• गोळी चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नका, लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्याने जास्त लागते. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या.
• गरोदरपणी चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस. बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस.
• हिमोग्लोबिन गरोदर बाईचे ११ च्या खाली, इतर बायकांचे १२ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे. ७ च्या खाली गेले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.
• घरात कुणाला सिकलसेल असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. तो आजार लोहाने बरा होत नाही.
• गोळ्या लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. जास्त गोळ्या पोटात गेल्या तर जीवावर बेतते.

ताटात कलेजी, मटण, मासे, हरभरा, मटकी, पालेभाजी असू द्या. सोबत लिंबू, आवळा किंवा पेरू.

अंगात अशक्तपणा आला की नजर उतरवण्याआधी रक्त तपासा. आणि नर्स गोळी देईल तेव्हा विचारा, "ताई, ही कशासाठी?" उत्तर मिळणे हा तुमचा हक्क आहे.