सरासरीआडची रात्र

माहुल, ट्रॉम्बे आणि चेंबूर यांच्या मधल्या पट्ट्यात, जेथे तेलशुद्धीकरणाची धुराडी, साठवणुकीच्या टाक्या आणि कामगारांच्या वसाहती एकमेकींस खेटून उभ्या आहेत, तेथे बरीच वर्षे काढलेल्या मनुष्यास हवेतील धुळीची जाणीव कोणी करून द्यावी लागत नाही. मात्र ती धूळ सरकारदरबारी शाबीत कशी करावी, हे आम्हां रहिवाशांस एक अर्ज नामंजूर झाल्यावरच उमगले.

हिवाळ्यात पहाटेच्या सुमारास लहान मुले व वृद्ध खोकून बेजार होत, म्हणून तो अर्ज केला होता. संबंधित दप्तराकडून जबाब आला की, दहा मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांचे चोवीस तासांचे प्रमाण मर्यादेच्या आत आहे, सबब तक्रारीत तथ्य नाही. ही मर्यादा 2009 च्या राष्ट्रीय मानकांनुसार घनमीटरास 100 मायक्रोग्रॅम आहे. औद्योगिक क्षेत्रास पूर्वी मिळणारी जादा सूट त्या मानकांनी काढून टाकली, ही मी मोठ्या न्यायाची गोष्ट समजतो, कारण कारखान्याच्या भिंतीलगत राहणाऱ्याची फुप्फुसे इतरांहून निराळी नसतात.

परंतु चोवीस तासांचा तो आकडा कसा सिद्ध होतो, हे तक्रारदाराने नीट समजून घेतले पाहिजे. मोजणीचे यंत्र मिनिटास सुमारे एक घनमीटर हवा काचतंतूंच्या फिल्टर कागदातून ओढते, आणि कागदाचे आधीचे व नंतरचे वजन ताडून धूळ ठरवितात. हा कागद सामान्यतः दर आठ तासांनी बदलतात. म्हणजे एका दिवसाचे वस्तुतः तीन आकडे असतात आणि जाहीर होते ती त्यांची सरासरी. समजा, सकाळच्या पाळीत 70, दुपारच्या पाळीत 60 आणि रात्रीच्या पाळीत 160 भरले, तर सरासरी 97 येते आणि दिवस निर्दोष ठरतो! थंडीच्या रात्री जमीन निवते, तिच्यालगतच्या गार हवेवर उबदार हवेचे झाकण बसते, वारा मंदावतो, आणि धूर वर न जाता माणसे निजलेली असतात तेथेच साचून राहतो. आम्ही 2005 च्या माहिती अधिकार कायद्यान्वये पाळीनिहाय नोंदी मागविल्या, तेव्हा रात्रीचा आकडा दिवसाच्या दुपटीहून वर असल्याचे त्याच दप्तराच्या कागदांवर दिसले. म्हणून प्रत्येक वस्तीस माझे आग्रहाचे सांगणे आहे की, सरासरीवर समाधान न मानता तिन्ही पाळ्यांचे आकडे मागावेत.

त्यांबरोबर कागदांच्या वजनांची नोंदही मागावी. घनमीटरास 100 मायक्रोग्रॅम धूळ असेल, तर आठ तासांत कागदावर जेमतेम पन्नासेक मिलिग्रॅम जमते. तेव्हा कागदाने शोषलेली ओलदेखील हिशेब बिघडवू शकते, आणि दोन्ही वेळचे वजन सारख्याच कोरड्या ठिकाणी ठेवल्यानंतर झाले की नाही, हा प्रश्न अगत्याचा ठरतो.

अलीकडे पुष्कळ मंडळी लेसरच्या प्रकाशाने कण मोजणारी छोटी यंत्रे स्वतः विकत घेतात, हे स्तुत्यच आहे. मात्र दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि ही यंत्रे खऱ्याहून अधिक आकडा दाखवितात. मुंबईसारख्या ठिकाणी प्रतिपक्ष हाच आक्षेप प्रथम घेईल. तेव्हा आपले यंत्र काही दिवस सरकारी केंद्राशेजारी ठेवून दोहोंची रुजवात घालावी, प्रत्येक नोंदीसमोर आर्द्रता व वाऱ्याची दिशा लिहावी, आणि यंत्र तीन ते दहा मीटर उंचीवर, बेकरीच्या धुराड्यापासून व कचरा जाळण्याच्या जागेपासून दूर बसवावे.

नव्या अर्जात केवळ ‘प्रदूषण असह्य झाले आहे’ असे लिहून भागत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा या पाळीची हिवाळाभर स्वतंत्र तपासणी व्हावी, तिचे निकाल पाळीनिहाय जाहीर व्हावेत आणि तपासणीच्या वेळी रहिवाशांचा एक प्रतिनिधी हजर ठेवावा, अशी मुदतीसह मागणी करावी व अर्जाच्या प्रतीवर पोहोच घ्यावी.