गुलाबी फितीमागची अट

आई-बाबांनो, घरातली मुलगी एखाद्या जपानी सिनेमाच्या तारखेवरून रुसून बसली असेल, तर आधी तिला हसू नका. ‘माडोका मागिका’ या मालिकेच्या पुढच्या सिनेमाची, ‘वालपुर्गिसनाख्त रायझिंग’ची, घोषणा झाली एप्रिल 2021 मध्ये. मग 2024 चा हिवाळा म्हणाले, मग 2025 चा, मग फेब्रुवारी 2026. तारीख अशी पुढे सरकत राहिली आणि तेव्हा पाचवीत असलेल्या मुली दहावीच्या उंबरठ्यावर आल्या. इतकी वर्षं एका गोष्टीत जीव अडकवून ठेवणं आपल्याला तरी जमतं का? आपल्याला लाइट बिलाची तारीख आठवत नाही.

मी स्वतः आई नाही. ‘मॅजिकल गर्ल’, म्हणजे जादूगार मुलींच्या, सिनेमांची जुनी चाहती आहे. लहानपणी कार्टून नेटवर्कवर ‘कार्डकॅप्टर्स’ बघून जे वेड लागलं, ते अजून उतरलेलं नाही. राहते लखनौच्या अलीगंजमध्ये. केंद्रीय भवनात, प्रयोगशाळांत, बँकांत बदली होऊन आलेली मराठी कुटुंबं या भागात भेटतात. त्यांच्या मुली शाळेत हिंदी बोलतात, घरी मराठी, पडद्यावर जपानी ऐकतात आणि खाली इंग्रजी वाचतात. त्यांच्या आया मला विचारतात, “हे कार्टूनचं खूळ अजून किती दिवस गं?” बाबा म्हणतात, “बघू दे की, गोडच तर आहे.” दोघांशीही मला बोलायचंय. बाबांशी जरा जास्त.

चित्र गोड आहे म्हणून गोष्ट लहानांची, हा हिशेब इथे चुकतो. ‘प्रीक्युअर’ ही मालिका 2004 पासून जपानमध्ये रविवारी सकाळी लागते, ती खरोखर लहान मुलींसाठी. तिचे निर्माते वाशिओ ताकाशी यांचा विचार साधा होता. मुलींनाही धुडगूस घालायचा असतो. म्हणून त्यातल्या नायिका कांडी फिरवत बसत नाहीत, हातापायांनी लढतात. दरवर्षी तिचे सिनेमे येतात. 2007 पासून कितीतरी सिनेमांच्या वेळी थिएटरात लहानग्यांना हातात धरायचा छोटा दिवा दिला गेला. नायिका हरायला आली की सगळ्यांनी तो हलवायचा आणि तिला बळ द्यायचं! अंधारात शेकडो पोरं दिवे हलवताहेत आणि पडद्यावरची उठून उभी राहतेय, हे मला फार आवडतं. सहा-सात वर्षांच्या मुलीला हे खुशाल दाखवा.

‘माडोका’ मात्र 2011 मध्ये रात्री उशिरा, मोठ्यांच्या वेळेला लागत होती. आओकी उमे यांनी काढलेले गोल गोबरे चेहरे, गुलाबी फिती, फुगीर झगे. लेखक उरोबुची गेन, ज्यांचा हात गोड गोष्टींसाठी प्रसिद्ध नाही. भेद फोडते, चाहत्यांनी माफ करावं, पण पालकांना हे माहीत हवं. तिसऱ्याच भागात एक मुलगी मरते, आणि ते बघवत नाही. तेव्हा धाकटीला ताईच्या शेजारी बसवून स्वयंपाकघरात जाऊ नका. आपल्याकडे 2024 च्या नियमांपासून सिनेमाच्या प्रमाणपत्रावर यूए 7+, 13+, 16+ असं वय छापलेलं असतं. तिकीट काढताना तो आकडा वाचायला काही वेळ लागत नाही.

आता आयांच्या प्रश्नाकडे. या सिनेमांत मुलींना असं काय सापडतं?

अलीगंजच्या मुली बडा मंगल बघत मोठ्या होतात. जेठातल्या मंगळवारी (आपल्या पंचांगात त्यातला पहिला पंधरवडा वैशाख वद्यच असतो) हनुमान मंदिरापाशी रांगा लागतात आणि गल्लोगल्ली पुरी-सब्जी आणि सरबत वाटतात. त्यामुळे मारुतीची गोष्ट त्यांना पाठ असते. ऋषींच्या शापाने तो आपलं बळ विसरला होता. समुद्रकिनारी जांबवंताने आठवण करून दिली, तेव्हा त्याने उडी घेतली. 1992 ची ‘सेलर मून’ बघा. उसागी चौदा वर्षांची, रडूबाई, रोज शाळेला उशीर. लूना नावाची काळी मांजर येते आणि तिला तिच्या ताकदीची ओळख करून देते. ही लूना म्हणजे जांबवंतच. तिच्या कपाळावर चंद्रकोर आहे, आणि आमच्या जुन्या हनुमान मंदिराच्या कळसावरही. योगायोगच, पण इथल्या मुलींना सांगितला की त्या खूश होतात.

‘माडोका’मध्येही असाच एक पांढराशुभ्र प्राणी येतो, क्यूबे. तो म्हणतो, तुझी एक इच्छा पुरी करतो, बदल्यात तू जादूगार मुलगी हो आणि चेटकिणींशी लढ. जांबवंताने काही मागितलं नव्हतं. हा करार करतो. गंमत म्हणजे तो खोटं बोलत नाही, फक्त न विचारलेलं सांगत नाही. लढून थकलेल्या, निराश झालेल्या मुलीचं पुढे काय होतं, हे सही झाल्यावर कळतं. मोबाइलवर अटी न वाचता ‘मान्य आहे’ दाबणाऱ्या पिढीला हा क्यूबे ओळखायला वेळ लागत नाही. अनोळखी माणूस इंटरनेटवर गोड बोलून काय काय मागू शकतो, यावर तुम्ही घरात दिलेलं भाषण आणि हा प्राणी, यांत कोण जास्त लक्षात राहील ते तुम्हीच ठरवा.

‘माडोका’मधल्या सायाकाची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. व्हायोलिन वाजवणारा तिचा मित्र, त्याचा हात निकामी झालाय. ती तिची एकुलती एक इच्छा त्याच्या हातावर खर्च करते. हात बरा होतो. तो मात्र तिचा होत नाही. मी हे केलं ते त्याच्यासाठी की त्याने माझं व्हावं म्हणून, या प्रश्नात ती पोळत जाते. चौदा-पंधराव्या वर्षी हा प्रश्न बहुतेकींना कुठल्या ना कुठल्या रूपात पडतो, आणि तो आईला विचारता येत नाही. सायाकाबद्दल मात्र बोलता येतं.

म्हणून मालिका बघायचीच झाली तर मोठ्या मुलीबरोबर तुम्हीही बसा. बाराच भाग आहेत, पाचेक तासांत संपते. मध्येच “हे काय चाललंय?” विचारू नका. तिसरा भाग संपला की चहा ठेवा आणि गप्प बसा, ती आपणहून बोलेल.

आणि ती मोठी होईल तशी ही आवड सुटलीच पाहिजे, असंही धरून बसू नका. 2020 मध्ये जपानने ‘डोरेमी’ या लहान मुलींच्या जुन्या मालिकेवर सिनेमा काढला, त्याच्या नायिका होत्या ती मालिका बघत मोठ्या झालेल्या बायका. आपल्याकडेही 2019 मध्ये ‘वेदरिंग विथ यू’ थिएटरात लागला, तो चाहत्यांनी 50,000 हून जास्त सह्या जमवल्या म्हणून. मॅजिकल गर्लचा सिनेमा लखनौत लागेल की नाही, लागलाच तर शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या मॉलमध्ये रात्री दहाचाच खेळ मिळेल का, ही आमची नेहमीची रडकथा. त्या वेळी बाबांची गाडी लागते, हे बाबांनी लक्षात घ्यावं.

‘माडोका’च्या नव्या सिनेमाला जाण्याआधी आधीचा ‘रिबेलियन’ मात्र बघून घ्या, 2013 चा. नवा सिनेमा त्याच्याच पुढचा आहे. त्यात होमुरा नावाची मुलगी आपल्या मैत्रिणीला, माडोकाला, वाचवायला सगळं जगच बदलून टाकते. त्या जगात माडोकाला दुःख नाही, धोका नाही, घर आहे, शाळा आहे. फक्त आपण कोण होतो आणि आपण काय निवडलं होतं, हे तिच्या आठवणीतून काढून टाकलंय. तिला विचारलेलं नाही. होमुराचं प्रेम खरं आहे, त्यात शंकाच नाही.

हा शेवट बघून झाल्यावर इथल्या दोन-तीन घरांत मी वाद ऐकलाय. आया होमुराची बाजू घेतात. पोरगी सुखरूप आहे ना, मग झालं तर. लेकी चिडतात. एकीने तर आईला तिथल्या तिथे विचारलं, “म्हणजे तू पण असंच करशील?” आई म्हणाली, “हो, करीन.” मग दोघी बराच वेळ भांडल्या, आणि मला वाटतं त्या घरात अकरावीच्या विषयांवरूनही इतकं मोकळं भांडण कधी झालं नसेल. नव्या सिनेमात माडोकाला सगळं आठवतं का, आणि आठवल्यावर ती होमुराशी कशी वागते, ते त्या दोघींनाही बघायचंय. तिकिटं मीच काढणार आहे.