इडा आणि तिचा चिमुकला चंद्र



मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये लघुग्रहांचा पट्टा आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आज आम्ही त्यातल्या २४३ क्रमांकाच्या दगडी लघुग्रहाची, इडाची, ओळख करून देत आहोत. (आजीच्या 'इडापिडा टळो'शी हिचा काही संबंध नाही! ग्रीक पुराणात बाळ झ्यूसला सांभाळणाऱ्या अप्सरेचे हे नाव.)

योहान पालिसा यांनी २९ सप्टेंबर १८८४ रोजी व्हिएन्नाच्या वेधशाळेतून इडा शोधली. लघुग्रह शोधायला तेव्हा छायाचित्रे वापरत नसत. दुर्बिणीला डोळा लावून बसायचे, तारे नकाशाशी ताडून पाहायचे आणि जो ठिपका जागा सोडतो तो हेरायचा. पालिसांनी अशा चिकाटीने १२२ लघुग्रह शोधले. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे इडा आपल्यासाठी एक ठिपकाच राहिली.

२८ ऑगस्ट १९९३ रोजी गुरूकडे निघालेले गॅलिलिओ यान इडापासून सुमारे २,४०० किलोमीटरवरून गेले. वेग सेकंदाला १२ किलोमीटरहून जास्त, म्हणजे फोटो काढायची संधी एकदाच. फोटो निघाले आणि यानातल्या टेपवर साठवलेही गेले. अडचण ते पृथ्वीवर पाठवण्याची होती. यानाचा छत्रीसारखा मोठा अँटेना १९९१ मध्ये उघडताना अडकला होता. लहान अँटेनाने सेकंदाला जेमतेम ४० बिट येत. आता गणित करू. एका फोटोत ८०० गुणिले ८०० ठिपके, प्रत्येक ठिपक्याला ८ बिट, म्हणजे एकूण ५१,२०,००० बिट. भागिले ४०, म्हणजे १,२८,००० सेकंद. एका फोटोला साडेपस्तीस तास! म्हणून आधी फोटोंच्या काही अरुंद पट्ट्याच मागवायच्या, इडा कुठे आहे ते पाहायचे आणि मग तेवढाच भाग घ्यायचा, अशी युक्ती काढली. आमच्यासारख्या संगणकवाल्यांना या मोहिमेतले हेच सर्वांत कौतुकाचे वाटते.

काही फोटो सप्टेंबरात आले, उरलेले पुढच्या वर्षी. १७ फेब्रुवारी १९९४ रोजी ते तपासताना अ‍ॅन हार्च यांना इडाशेजारी एक बारीक ठिपका दिसला. तो इडाचा चंद्र निघाला! लघुग्रहाला चंद्र असतो, याचा हा पहिला पक्का पुरावा. त्याचे नाव डॅक्टिल, लांबी सुमारे १.६ किलोमीटर. आपले लोणारचे विवरही असाच एखादा अंतराळातला दगड आदळून झालेले आहे. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, म्हणजे डॅक्टिल त्यात मावेल.

हा चंद्र फार कामाचा ठरला. चंद्र किती अंतरावरून, किती वेगाने फिरतो यावरून मधल्या गोळ्याचे वस्तुमान काढता येते. त्याला आकारमानाने भागले की घनता. इडाची घनता पाण्याच्या सुमारे २.६ पट आली (०.५ इकडेतिकडे). लोखंडाची जवळजवळ ८ पट असते. अशा लघुग्रहांत दगडाबरोबर भरपूर लोखंड असावे, असे काही शास्त्रज्ञांना वाटे. इडाच्या बाबतीत ते जमेना. उलट नुसत्या दगडापेक्षाही ती हलकी भरली, म्हणजे आत भेगा आणि पोकळ्या असणार.

दुसरे कोडे रंगाचे. पृथ्वीवर पडणाऱ्या अशनींत (आकाशातून पडलेल्या दगडांत) कॉन्ड्राइट जातीचे सर्वांत जास्त. ते दगडी लघुग्रहांचेच तुकडे असतील, तर लघुग्रह त्यांच्याहून तांबूस का दिसतात? इडावरच्या ताज्या विवरांचा रंग कमी तांबूस आढळला. म्हणजे सौरवारा आणि बारीक कणांच्या माऱ्याने पृष्ठभाग हळूहळू रंग बदलतो. पुढे जपानच्या हायाबुसा यानाने इटोकावा या दुसऱ्या दगडी लघुग्रहावरचे कण २०१० मध्ये पृथ्वीवर आणले आणि ते कॉन्ड्राइटशी जुळले.

इडा रताळ्यासारखी वेडीवाकडी आहे. लांबी सुमारे ६० किलोमीटर, रुंदी २५, जाडी १९. गुरुत्वाकर्षण इतके कमी, की इथे ३० किलो भरणारा मुलगा तिथे १० ते ३० ग्रॅमच भरेल. अंगावर विवरेच विवरे.

आता गृहपाठ. इडा स्वतःभोवती ४ तास ३८ मिनिटांत फिरते आणि सूर्याभोवती ४.८४ वर्षांत. तर तिच्या एका वर्षात तिचे दिवस किती? कॅल्क्युलेटर चालेल, पण उत्तर मराठी अक्षरांत लिहून आणा.